बसल्या जागची नाडी

१

दोष मोठेबाबाचा आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे म्हाताऱ्यांचं नाव घ्यायची वेळ आली की सगळे घसा खाकरतात आणि विषय बदलतात. धम्मानंद मोठेबाबा, माझ्या वडिलांचा थोरला भाऊ. धरमपेठेत राहतो. जन्मभर कॉलेजात शरीरशास्त्र शिकवलं. तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणायचो. इथे म्हणणार नाही.

धम्मचक्र दिनाला हा माणूस विहारात माइक धरून सांगतो की जन्मानं माणसाचं काही ठरत नसतं. लोक टाळ्या वाजवतात. मग तो सक्करदऱ्याला आमच्या घरी येतो, आईनं दिलेला चहा बशीत ओततो आणि माझ्याकडे बघून म्हणतो, "नत्थूवर गेला हा. रक्तच तसं आहे."

नत्थू म्हणजे माझा बाप. चालू लाइनच्या खांबावर चढून तांब्याची तार कापायचा, तेही भर दुपारी, शिट्टी वाजवत. त्यापायी आत जाऊन आला. मी लहान असताना रेल्वेखाली गेला. घरात त्याबद्दल 'अपघात' एवढा एकच शब्द आहे.

मी धम्मदीप. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. विभागप्रमुखानं सगळ्या वर्गासमोर माझा बाप काढला आणि मी त्याच्या केबिनची काच फोडली. फोडताना माझे हात लटपटत होते आणि नंतर मी संडासात जाऊन ओकलो होतो. मोठेबाबाला त्यात फक्त रक्त दिसलं.

त्याचा एक आवडता सिद्धांत आहे. जे धोक्याला भीत नाहीत, गुन्हे करतात, त्यांची बसल्या जागची नाडी मंद असते. शरीर पेंगत असतं, आणि त्याला जागं करायला माणूस काहीतरी भलतं करून बसतो. असं संशोधन खरंच आहे, मी वाचलंय. पण त्यातच हेही लिहिलंय की हा सरासरीचा हिशेब आहे, मंद नाडीवाला प्रत्येक जण चोर नसतो, रोज पळणाऱ्यांचीही नाडी मंदच असते. तेवढा भाग मोठेबाबा वगळतो.

"मग मोजा माझी," मी एक दिवस म्हणालो. "नॉर्मल निघाली तर माझ्या बापाचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही."

"ये रविवारी," तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला, जणू या वाक्याची तो कित्येक वर्षं वाट बघत होता.

आई ओट्याकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही. माझी बहीण पायल, नर्सिंगला आहे, ती माझ्या मागे अंगणात आली. "दादा, नको जाऊ नं. कायचं सिद्ध करून राहिला तू?"

"की मी मी हाय, तो नाही."

"ते मले माहीत हाय की."

पायल सगळ्याला भिते. लिफ्टला, पालीला, मिक्सरच्या आवाजाला. फक्त माझ्या गाडीवर बसली की भीत नाही. सीताबर्डीच्या गर्दीतसुद्धा माझ्या पाठीवर डोकं टेकून झोपते. मला हे एवढंच गमावायचं नव्हतं.

२

मोठेबाबाची खोली वरच्या मजल्यावर आहे. बाहेर गॅलरी, गॅलरीत एक स्टूल. आत भिंतीकडे तोंड करून ठेवलेली रेक्झिनची खुर्ची, तिच्या हातांवरचं कापड घामानं काळं पडलेलं. शेजारी टेबलावर कॉलेजनं भंगारात काढलेलं मशीन. छातीला आणि मनगटांना वायरी लावल्या की ते प्रत्येक ठोक्याला 'टिप्' करायचं. बोटांना पितळी पट्ट्या, घाम मोजायला. स्पिरिटचा वास.

"हालू नको. बोलू नको. भिंतीवर नजर."

मी बसलो. टिप्, टिप्, टिप्. चांगली भरभर चालली होती. खाली कोणीतरी कुकर लावला होता. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि मग माझ्या मागे अख्खं घर कोसळल्यासारखा आवाज झाला. मोठेबाबानं स्टीलची परात फरशीवर आपटली होती. मी खुर्चीतून उडालो, एक वायर निघून आली, मशीन वेड्यासारखं वाजायला लागलं.

मला हसू आलं. "झालं? भेलो मी. मस्त भेलो. लिहून ठेवा."

मोठेबाबा हसला नाही. परात उचलून पुसत बसला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. निकाल चुकलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"तुह्या बापाचीही घेतली होती मी, याच खुर्चीत," तो म्हणाला. "कागद उंदरानं खाल्ले, पण मले सगळं पाठ हाय. परात पडली तं त्याची नाडी चढली नाही. उतरली. चव्वेचाळीस."

"माझी चढली नं पण."

"हो. पण परिस्थिती वेगळी होती. तुलना करायची तं परिस्थिती तीच लागते. हे तुले इंजिनिअरिंगमध्ये शिकवलं असंल, जेवढं शिकला तेवढ्यात."

तेव्हाच उठून घरी जायला हवं होतं. जिंकलो होतो मी. पण या म्हाताऱ्यांची खोड माहीत होती. अर्धवट जिंकलेलं ते जिंकलेलं मानत नाहीत. म्हटलं, करू यांची परिस्थिती तीच. मग तरी तोंड बंद होईल.

३

पुढच्या वेळी पंखा बंद होता, कारण बापाच्या वेळी तो बिघडलेला होता. खिडकी उघडी होती, कारण तेव्हा उघडी होती. चहात साखर जास्त होती. आणि खुर्चीच्या पाठीवर हँगरला एक शर्ट होता, तपकिरी चौकड्यांचा, कडक इस्त्री केलेला.

"हा कोणाचा?"

"घाल."

इतकी वर्षं त्यानं तो शर्ट ठेवला होता. आमच्या घरी बापाची चप्पलसुद्धा नाही. मला राग आला, पण शर्ट मी घातला. खांद्यात अगदी बरोबर बसला. त्यानं माझे केस कंगव्यानं दुसऱ्या बाजूला वळवले.

टिप्, टिप्, टिप्. गरम होत होतं. घाम कानामागून उतरत होता. मी भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे बघत होतो आणि मला वाटलं, आवाज हळू झालाय.

आधी वाटलं, मी शांत झालोय म्हणून. मग पट्ट्या नसलेल्या हाताची बोटं मी गळ्याला लावली. गळ्यातली नाडी धडधडत होती, मघासारखीच. मशीन मात्र 'टिप्' म्हणायचं, मग थांबायचं. इतकं थांबायचं की आता बंद पडलं असं वाटावं. मग पुन्हा 'टिप्'.

वायर सैल असेल, मी स्वतःला सांगितलं. मशीन माझ्याहून वयानं मोठं आहे. एक ठोका धरत असेल, एक सोडत असेल.

परात पडली. मी दचकलो. मशीन दचकलं नाही.

"बास," मी म्हणालो आणि वायरी स्वतःच ओढून काढल्या. छातीची काढली, मनगटांच्या काढल्या. सगळ्या माझ्या मांडीवर पडलेल्या होत्या.

टिप्.

मी मोठेबाबाकडे बघितलं. तो टेबलावर दोन्ही हात टेकून, डोळे मिटून ऐकत होता. रेडिओवर जुनं आवडीचं गाणं लागल्यावर ऐकतात, तसा.

टिप्.

"आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो," मी म्हणालो. दोन वर्षं शिकलो होतो, एवढं तर येत होतं. "उतरेल हळूहळू."

"हो," तो म्हणाला. "तसंच असंल."

मी जिना उतरेपर्यंत ते उतरलेलं नव्हतं.

४

घरी जाताना व्हरायटी चौकात सिग्नल लाल होता. मी थांबलो नाही. हे मला पलीकडे गेल्यावर कळलं, मागून एक ऑटोवाला ओरडत आला तेव्हा. "मरायचं हाय का बे, भोकन्या? बस दिसत नाही तुले?" बस माझ्या कोपराला घासून गेली होती. शर्टाच्या बाहीवर काळा पट्टा होता. तो शर्ट मी अंगातून काढलाच नव्हता, हेही तेव्हाच लक्षात आलं.

मी हँडलवरचे हात बघितले. तळवे अगदी कोरडे होते. उन्हाळ्याच्या दुपारी, नागपुरात.

आईनं शर्ट ओळखला. दारातच थबकली. "काढ तो."

"काहून? कोणाचा हाय?"

"काढ म्हणतो नं गा." मग खालच्या आवाजात, "तिकडे जाऊ नको आता. तो माणूस मोजल्याबिगर सोडत नाही."

"काय झालं होतं तेव्हा? सांग नं एकदाचं."

ती भाजी निवडायला बसली. हेच ते. आमची मोठी माणसं तोंड उघडतात ती शिव्या द्यायला नाहीतर भाषण द्यायला. सांगायचं असतं तेव्हा मेथी निवडतात.

संध्याकाळी पायलनं माझ्यावर प्रॅक्टिस केली. तिला नवा स्टेथोस्कोप मिळाला होता. मनगट धरलं, छातीला लावलं, मान हलवली. "एकदम टकाटक, दादा. पेशंट जगणार हाय."

"फी किती, डॉक्टरीणबाई?"

"मागं वळ, फुप्फुस ऐकू दे. श्वास घे."

मी श्वास घेतला. स्टेथोस्कोपचं थंड तोंड माझ्या पाठीवर उजव्या बाजूनं डावीकडे सरकलं आणि खांद्याच्या दोन पात्यांच्या मध्ये थांबलं.

"काय वं?"

"काही नाही. श्वास थांबव जरा." ती पुन्हा ऐकू लागली. "मह्याच बोटातली नाडी ऐकू येत असंल याच्यात. होते तसं, सिस्टर म्हणे."

मी वळलो तेव्हा ती स्वतःचं मनगट धरून बसली होती. तिची नाडी गळ्यापाशी दिसत होती, चिमणीसारखी उडत होती.

"हे लय हळू हाय, दादा," ती म्हणाली.

५

मी परत जायला नको होतं, असं सगळे म्हणतात. पण न जाऊन काय झालं असतं? ते 'टिप्' डोक्यात घेऊन मी जगलो असतो. मला मशीनची तार कुठे तुटलीय ते शोधायचं होतं. सोबत टेस्टर आणि पक्कड नेली होती. कारण सापडलं की भीती जाते, असा माझा हिशेब होता. भीती गेली, हे खरं आहे.

मशीन उघडलं. सगळे सांधे नीट होते. कपॅसिटर मी स्वतः शॉर्ट करून रिकामा केला. मोठेबाबा शेजारी उभा राहून समंजसपणे बघत होता. मग म्हणाला, "आता बस. शेवटचं. सगळं जुळवून आणलं हाय मी."

शर्ट माझ्या अंगावर होता. का घातला होता, ते सांगता येणार नाही. सकाळी हाताला तोच लागला.

"हालू नको, नत्थू," तो म्हणाला.

"मी धम्मदीप हाय."

"त्या दिवशी मी 'नत्थू'च म्हटलं होतं. परिस्थिती तीच ठेवायची नं."

तेव्हा खिडकीतून मला गॅलरी दिसली. स्टुलावर पायल बसली होती, मांडीवर डबा घेऊन. तिनं हात हलवला. मोठेबाबानं तिला फोन करून बोलावलं होतं, दादाचं जेवण घेऊन ये म्हणून. बापाची नाडी घेतली त्या दिवशीही त्या स्टुलावर कोणीतरी बसलेलं असणार. हा विचार मला आला. तो आला तसा गेला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

टिप्.

मग लांबलचक शांतता. कुकर नाही, रस्ता नाही.

टिप्.

मला धीट वाटत होतं असं नाही. भीती जिथे असते ती जागाच झाडून, पुसून, रिकामी केल्यासारखी होती. थंड फरशी असलेल्या खोलीसारखी. तिथे बसायला बरं वाटत होतं. मग मला फरशीवर परात दिसली. काठावर फिरत फिरत आडवी होत होती. म्हणजे ती पडून गेली होती. मी तिचा आवाज ऐकलाच नव्हता.

"चव्वेचाळीस," मोठेबाबा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. तो माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. एवढ्या प्रेमानं त्यानं माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. "कसा हायेस गा, नत्थू?"

"बरा हाय, भाऊ," मी म्हणालो.

मी मोठेबाबाला जन्मात कधी भाऊ म्हटलेलं नाही. नुसतं 'भाऊ' त्याला एकच माणूस म्हणायचा.

तो मागच्या मागे फरशीवर बसला. त्याचं तोंड उघडं राहिलं. त्याच्या बोटांना पट्ट्या लावल्या असत्या तर मशीन फुटलं असतं. मी वायरी काढल्या, एकेक करून, नीट गुंडाळून ठेवल्या, आणि बाहेर आलो.

"चल," मी पायलला म्हणालो. "घरी जाऊ."

६

सक्करदऱ्याला जायला उड्डाणपूल आहे. रेल्वेच्या फाटकाकडून आता कोणी जात नाही, वळसा पडतो. मी फाटकाकडे वळलो.

"दादा, पुलावरून घे नं."

"इकडून जवळ पडते."

"कुठून जवळ? दादा, डबा सांडून राहिला, हळू चालव."

फाटक पडलेलं होतं. दोनचार जण गाड्या तिरक्या करून दांड्याखालून काढत होते, आपल्याकडे काढतात तसे. मीही काढली. पहिल्या रुळावरून गेलो. दुसऱ्या रुळावर चाक चढलं तिथे मी गाडी थांबवली, किल्ली फिरवून बंद केली आणि दोन्ही पाय खाली टेकले.

ऊन छान होतं. रुळाखालच्या गिट्टीला तेलाचा वास येत होता.

"बंद पडली का?" पायल म्हणाली.

"नाही."

मागे लोक ओरडायला लागले होते. रूळ गुणगुणायला लागला, पायाच्या तळव्यातून वर आला. मला समजत होतं की गाडी येतेय. बाहेर पाऊस पडतोय हे जसं समजतं, तसंच.

मी आरशात बघितलं, पायल ठीक आहे ना म्हणून.

ती होती. पण जितक्या अंतरावर दिसायला हवी त्याहून लांब होती. अगदी मागच्या टोकाला सरकलेली, दोन्ही हात मागे करून कॅरियरची दांडी धरलेली. ती माझ्याकडे बघत नव्हती, आणि येणाऱ्या इंजिनाकडेही नाही. ती आपल्या नाकासमोर बघत होती, माझ्या आणि तिच्या मध्ये. तिथे एका माणसापुरती जागा होती.

आणि माझ्या पाठीवर कोणीतरी टेकलेलं होतं. उबदार. शर्टातून मला ठोका लागत होता. एक. मग वाट बघायला लावून, आणखी एक.

मी मनात म्हणालो, पायल झोपली वाटतं.

यानंतरचं मला नीट आठवत नाही. ती उतरली आणि माझा हात धरून ओढायला लागली. शर्टाची बाही खांद्यातून उसवली. ती रडत होती, दादा दादा करत होती. मग मी काहीतरी बोललो. काय बोललो ते मला तिच्याकडूनच नंतर कळलं. मी म्हणालो होतो, "तू उतर, माया. मी बसतो थोडा वेळ."

माया हे आमच्या आईचं नाव आहे.

पायलनं माझा हात सोडला. ओढता ओढता निसटला नाही, तिनं सोडला. मग ती पळाली.

दुधाचे कॅन घेऊन उभ्या असलेल्या दोघांनी मला बखोट धरून खेचलं. गाडीचा चुराडा झाला.

७

आईनं त्या संध्याकाळी तोंड उघडलं. तेही एकदाच.

"त्या दिवशी मीच होती गॅलरीत," ती म्हणाली. "धम्मानंदभाऊनं मोजलं आन् तुह्या बापाले सांगतलं, नत्थू, तुह्यात भीतीच नाही, तू जगावेगळा हायेस. किती खूश झाला तो. त्याले जन्मात कोणी शाबासकी देल्ली नव्हती. मंग घरी येतानी गाडी फाटकाकडं घेतली त्यानं. रुळावर बसला. मले म्हणे उतर, मी बसतो थोडा वेळ. मी उतरली. मले वाटलं गंमत करून राहिला."

म्हणजे एका भावानं दुसऱ्याला सांगितलं की तुला भीती नाही, आणि त्यानं ते खरं मानलं. या सगळ्याचा अर्थ एवढाही लावता येतो. मी तसा लावून बघतो. पाठीवर काय टेकलं होतं त्याचाही लावता येईल. गरम हवा, अंगावरचा शर्ट, घाबरलेलं डोकं. फक्त माझं डोकं घाबरलेलं नव्हतं.

मोठेबाबा दुसऱ्या दिवशी आला. मला वाटलं माफी मागेल. दारात उभा राहून त्यानं विचारलं, "त्या वेळी नाडी किती होती, काही अंदाज?"

आईनं दार लावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा.

पायलला खरचटलंसुद्धा नाही. तिनं होस्टेल घेतलं. मी नसेन अशा वेळी घरी येते, आईला भेटते, दिवस मावळायच्या आत निघते. मी एकदा तिच्या कॉलेजच्या फाटकाशी उभा राहिलो. तिनं मला बघितलं आणि मैत्रिणीच्या मागे झाली. नंतर तिचा निरोप आला, आईच्या हातून: त्याले सांग, मले भेव वाटते त्याचं.

मला एकच बहीण होती. ती आता माझी नाही.